तनिषाचे उपवास

सात वर्षांच्या पोरीला सोमवारचा कडक उपवास असतो, हे मधुमतीला त्या सोमवारी दुपारी सव्वाबारा वाजता कळलं. तेव्हापासून तिचं डोकं जे फिरलं ते गुरुवारपर्यंत जागेवर आलं नाही.

मधुमती वॉटफर्डच्या एका प्राथमिक शाळेत डिनर लेडी होती. इंग्रजांच्या शाळेत दुपारच्या जेवणाला डिनर म्हणतात, आणि ते जेवताना पोरांवर नजर ठेवणाऱ्या बाईला लेडी म्हणतात. काम लेडीचं नाही. सांडलेलं पुसायचं, भांडणं सोडवायची, छोट्यांना बटाटा कापून द्यायचा, कुणी ओकलं तर वाळू टाकायची. अकरा वर्षं ती हे करत होती. ‘मधुमती’ शाळेत कुणाच्या जिभेला पेललं नाही, म्हणून तिथे ती मॅडी. मंडळाच्या गणपतीत बायका तिला गोड आवाजात विचारायच्या, "अजून तिथेच का हो तुम्ही?" त्यांचे नवरे बँकांत आणि सॉफ्टवेअरमध्ये. हिचा जयंत बस चालवायचा. मधुमती म्हणायची, "हो, तिथेच. तुमची पोरं ताटात काय टाकतात ते सगळं मला ठाऊक आहे." मग पुढचं कुणी विचारायचं नाही.

तर दोन हजार नऊ सालचा जानेवारी. हॉलमध्ये सव्वाशे पोरांचा गलका. शेवटच्या टेबलाच्या कोपऱ्यावर एक पोरगी हात मांडीत घेऊन बसलेली. पुढे ताट नाही, डबा नाही. पाण्याचा एक ग्लास. तनिषा. आडनावावरून मराठी, नवीन होती, सप्टेंबरात आलेली. एरवी ती छोट्यांच्या हॉलमध्ये बसायची, आज तिचा वर्ग पहिल्यांदाच मधुमतीच्या पाळीत आला होता.

मधुमतीने टीचरला विचारलं. टीचर चर्चमध्ये बोलावं तशी कुजबुजली, "धार्मिक उपवास आहे तिचा. आईची चिठ्ठी आहे. आम्ही त्याचा मान राखतो."

मधुमती गुडघ्यांवर बसली. "काय गं, कसला उपवास?"

मराठी ऐकून पोरगी दचकली. "मंडेचा."

"महादेवाचा का?"

"माहीत नाही. मंडेच्या देवाचा."

"बरं. सकाळी काय खाल्लंस?"

"पाणी."

"पाणी खातात होय? साबुदाण्याची खिचडी नाही केली आईने? केळं? रताळं? खजूर तरी?"

तनिषाने तिच्याकडे बघितलं, मोठी माणसं कधीकधी किती येडी असतात, तशा नजरेने. "पण ते तर खाणं आहे," ती म्हणाली. "उपवासला खायचं नसतं. मम्मा सांगितली."

मधुमती उठली तेव्हा तिच्या गुडघ्यांतून कळ गेली, पण तिचं लक्ष नव्हतं.

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडच्या उपवासाला काय काय असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. भगर असते, दाण्याची आमटी असते, बटाट्याचा कीस असतो, वर ताक असतं, आणि दुपारी आडवं व्हावं लागतं. लहान पोरांना तर उपवास करूच देत नाहीत, आणि पोरांनी हट्ट केलाच तर तो खिचडीसाठी असतो, देवासाठी नसतो. मराठी घरात सात वर्षांच्या लेकराला नुसत्या पाण्यावर बसवणारी आई मधुमतीने चोपन्न वर्षांत पाहिली नव्हती. म्हणजे हा उपवास नव्हता. मग काय होतं?

जेवणाचा तक्ता ऑफिसबाहेर टांगलेला असायचा. कोण शाळेचं जेवण घेतं, कोण घरचा डबा आणतं, सगळ्याच्या खुणा. तनिषाच्या ओळीत काही चौकोनांत इंग्रजी एफ काढून ठेवला होता, फास्टिंगचा, म्हणजे उपवासाचा. मधुमतीने चष्मा लावला आणि बोट फिरवलं. ऑक्टोबरात सोमवार. नोव्हेंबरात सोमवार आणि गुरुवार. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकही नाही. आणि या जानेवारीत शाळा उघडल्यापासून जवळजवळ रोज.

कुठले देव महिनाअखेरीला कडक होतात आणि पगाराच्या दिवशी प्रसन्न होतात?

चार महिने त्या तक्त्यासमोरून शाळेतला प्रत्येक शिकलेला माणूस जात होता. सगळ्यांनी तो एफ पाहिला होता आणि सगळ्यांनी त्याचा मान राखला होता. मधुमती दार न वाजवता हेडबाईंच्या खोलीत शिरली.

मिसेस हॅलिडे कागदांत बुडालेल्या होत्या. बाई वाईट नव्हती, पण नियमाबाहेर पाऊल टाकताना तिला घाम फुटायचा. मधुमतीने सगळं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. हो, उजळला. "मॅडी, ती फ्री मील्सला पात्र असेल तर लगेच फॉर्म भरून घे. गुरुवारी सेन्सस आहे."

ही भानगड थोडक्यात सांगतो. कुठल्या शाळेत किती गरीब पोरं आहेत, हे तिथलं सरकार एकाच मापाने मोजायचं. फुकट जेवणाच्या यादीत किती नावं आहेत? जानेवारीतल्या तिसऱ्या गुरुवारी नावं मोजायची, आकडा वर पाठवायचा, आणि त्या आकड्यावर शाळेला जादा पैसे मिळायचे. यादीत नाव असेल तर पोरगं गरीब. यादीत नाव नसेल तर त्याचं पोट भरलेलं आहे, असं सरकारने ठरवलेलं. या शाळेत दोनशे चाळीस पोरं आणि यादीत बावीस नावं. म्हणजे कागदावर शाळा खाऊनपिऊन सुखी.

"बावीस?" मधुमती म्हणाली. "रोज दुसऱ्याच्या ताटातलं उचलणारी पोरंच मी तीस दाखवते."

"त्यांच्या आयांनी फॉर्म भरलेले नाहीत."

"म्हणजे तुम्ही गरीब मोजत नाही. फॉर्म मोजता."

मिसेस हॅलिडेंनी फॉर्म पुढे केला.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मधुमती तो फॉर्म पर्समध्ये घालून निघाली, आणि ती अक्षरशः पळत होती. दोन दिवस होते. एक सही घेतली की पोरगी गुरुवारी ताट घेऊन रांगेत. इतकं सोपं काम तिला अकरा वर्षांत मिळालं नव्हतं.

घर म्हणजे एका घरातली एक खोली. खाली तीन कुटुंबं, वर दोन. तनिषाची आई स्वाती, नागपूरची, तिशीतली. दार उघडलं आणि मराठी म्हातारी बघून तिने पहिल्यांदा केस नीट केले.

"या ना काकू. चहा टाकते. अरे, पण किचन सहानंतर मिळतं आम्हाला. मालकाचा नियम आहे."

"चहा राहू दे. मी शाळेतून आले. तनिषाच्या उपवासाचं विचारायला."

स्वाती हसली. हसणं ओठांपर्यंतच आलं. "हो, आमच्या घरी फार कडक असतं. सासूबाईंपासून चालत आलंय."

"कुठला गं उपवास नागपुरात पोरींना पाण्यावर ठेवतो?"

"असतो काकू. काहींच्यात असतो."

"आणि तो महिन्याच्या शेवटी वाढतो, तोही सासूबाईंपासून?"

स्वाती पलंगावर बसली. खोलीत दुसरी बसायची जागाच नव्हती. तनिषा खाली बसून चित्र रंगवत होती. आईने तिला मोज्यांची जोडी शोधायला बाहेरच्या जिन्यावर पाठवलं.

"पहिले डबा द्यायची मी," स्वाती हळू आवाजात बोलायला लागली. "सकाळी गॅस मिळत नाही, म्हणून ब्रेड. ब्रेडमध्ये घालायला कधी असायचं, कधी नाही. एक दिवस टीचरची चिठ्ठी आली. डबा हेल्दी नाही म्हणे, फळ द्या, प्रोटीन द्या, सोबत रंगीत चित्र. दुसरी चिठ्ठी आली तेव्हा मी घाबरले. हे लोक मुलं काढून नेतात म्हणतात. मग मला सुचलं. देवाचं नाव घेतलं की इथे कोणी पुढे विचारत नाही. खरंच नाही विचारलं काकू. एकीनेही नाही."

"आणि नवरा?"

"परीक्षित इंजिनियर आहे. हायली स्किल्ड म्हणून व्हिसा दिला होता त्यांनी. नोकरी कुठाय? गोडाउनमध्ये खोकी उचलत होता. ख्रिसमसनंतर कामावर पाठवणाऱ्या एजन्सीने फोन उचलणं बंद केलं. आता रोज सकाळी जाऊन गेटवर उभा राहतो."

मधुमतीने फॉर्म काढला. पेनही काढलं. "हे घे. इथे सही कर. गुरुवारपासून पोरगी गरम जेवेल. कुणाला कळणार नाही, मी स्वतः यादीत घालते."

स्वातीने फॉर्मला हातही लावला नाही. उठली, बॅगेच्या तळातून पासपोर्ट काढला, एक पान उघडून मधुमतीच्या मांडीवर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स.

"म्हणजे सरकारी पैशातलं काही मागायचं नाही," स्वाती म्हणाली. "मागितलं तर व्हिसा गेला. मला अभिमान नाही हो काकू. अभिमान असता तर बरं झालं असतं, तो गिळला असता. मला परवानगीच नाही गरीब असायची."

मधुमतीने ती ओळ दोनदा वाचली. अडतिसाव्या मिनिटाला ती त्या घराबाहेर होती, फॉर्म कोराच.

घरी जाऊन तिने मंडळाच्या सेक्रेटरीला, नीनाला, फोन लावला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची तयारी जोरात चालली होती, पैसा जमलेला होता. म्हटलं मंडळाने एका पोरीचं जेवण उचलावं.

"उपाशी?" नीना म्हणाली. "आपल्यातली? काहीतरी गैरसमज झालाय हो तुमचा मधुमतीताई. आपल्या लोकांत कुणी उपाशी नसतं. कल्चर आहे आपलं. कोण आहेत पण ते? आडनाव काय?"

"आडनाव कशाला हवंय?"

"नाही, म्हणजे, ओळखीचे निघाले तर."

मधुमतीने फोन ठेवला. जयंत म्हणाला, "मी डबा करून देतो रोज, तू नेऊन दे." तिने तोही विचार केलेला होता. पण डिनर लेडीने पोराला घरचं काही भरवायचं नाही, हा नियम शाळेच्या भिंतीवर लावलेला होता, आणि आदल्या वर्षी एका बाईची नोकरी एका बिस्किटावरून गेली होती.

बुधवारी सकाळी ती पुन्हा हेडबाईंच्या खोलीत. मिसेस हॅलिडेंनी पासपोर्टची गोष्ट ऐकली, चष्मा काढला, डोळे चोळले.

"मॅडी, मला फार वाईट वाटतं. पण माझे हात बांधलेले आहेत. ती पात्र नाही. मी तिला दिलं तर कुठल्या रकान्यात दाखवू? तिच्यासाठी रकानाच नाही."

"पोट आहे तिला. रकाना नसला तरी."

"मला कळतंय."

"नाही कळत. कळत असतं तर चार महिने ती समोर बसली नसती." मधुमतीचा आवाज चढला होता. बाहेर सेक्रेटरीने टायपिंग थांबवलं. "तुम्ही म्हणता, आम्ही तिच्या धर्माचा मान राखतो. राखता ना?"

"अर्थातच. आमच्या धोरणातच आहे ते."

मधुमती पुढचं वाक्य बोलायला म्हणून तोंड उघडून तशीच थांबली. हेडबाईंचे शब्द तिला आत्ता कुठे नीट ऐकू आले होते. धोरणातच आहे. ती खुर्ची ओढून बसली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने त्या खोलीत आवाज खाली आणला.

"मग तुम्ही तो अर्धाच राखलाय, मिसेस हॅलिडे."

"म्हणजे?"

"आमच्या धर्मात उपवासाला खायचं असतं. ठरलेले पदार्थ असतात. साबुदाणा, बटाटा, जिरं, तूप. ते खाल्ल्याशिवाय उपवास होत नाही. आणि तुम्ही त्या पोरीला चार महिने नुसतं पाण्यावर बसवून ठेवलंत. म्हणजे शाळेने तिला तिचा धर्म पाळू दिला नाही."

मिसेस हॅलिडेंचा रंग उडाला. भुकेच्या गोष्टीने उडाला नव्हता, या गोष्टीने उडाला. "आम्हाला कुणीच सांगितलं नाही."

"मी सांगतेय ना."

"हे शाळेच्या गव्हर्नर्सच्या समितीपर्यंत जायला नको." हेडबाई उठून कपाटाकडे गेल्या, एक फाइल काढली, पानं उलटायला लागल्या. पानं उलटताना त्यांचा वेग वाढत गेला. "दिवाळीच्या कार्यक्रमाचं बजेट उरलंय. विविध संस्कृतींची ओळख, असं शीर्षक आहे. यातून खर्च करता येईल. पण डिनर म्हणून नाही. मॅडी, याला क्लब म्हणता येईल का? दुपारचा क्लब. मुलं पदार्थ बघतील, शिकतील..."

"आणि चाखतील."

"आणि चाखतील. तुझं फूड हायजीनचं सर्टिफिकेट आहेच. कुकरीची छोटी खोली रिकामी असते. किती दिवस?"

"उपवास असेल तितके दिवस."

भुकेला रकाना नव्हता. संस्कृतीला कपाटभर फायली होत्या. दोन मिनिटं लागली नाहीत. मधुमतीला हसावं की त्या कपाटाला लाथ घालावी ते कळेना, तिने दोन्ही केलं नाही, सही घेतली.

"एकच अट," मिसेस हॅलिडे म्हणाल्या. "शाळेत शेंगदाणे चालत नाहीत."

दाण्याच्या कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी. मधुमती दारात क्षणभर उभी राहिली. "देवाला समजावते," ती म्हणाली.

शाळा सुटताना फाटकात तिने स्वातीला गाठलं आणि पावतीएवढा कागद हातात दिला.

"फॉर्म नको काकू. मी सांगितलं ना."

"फॉर्म नाही. क्लब आहे. बेकिंगचा असतो, बुद्धिबळाचा असतो, तसा उपवासाचा."

"पासपोर्ट मागतील?"

"ॲलर्जी विचारतील."

स्वातीने तो कागद तीनदा वाचला. मग फाटकाच्या खांबाला टेकून हसायला लागली, तोंडावर पदर नव्हता म्हणून स्कार्फ धरून. तनिषा खाली उभी राहून विचारत होती, "काय झालं? मम्मा, काय झालं?"

गुरुवार. सेन्ससचा दिवस. ऑफिसात सेक्रेटरी याद्या जुळवत होती. मधुमती अकरापासून कुकरीच्या खोलीत. भिजवून आणलेला साबुदाणा मोत्यासारखा सुटा झाला होता, बटाटे उकडलेले होते. तुपात जिरं पडलं आणि तो वास दाराच्या फटीतून कॉरिडॉरमध्ये गेला. दाण्यांच्या जागी खोबऱ्याचा कीस. मंडळात कुणी असली खिचडी वाढली असती तर पुढची दहा वर्षं बोलणी बसली असती. मधुमतीने चव घेतली. वाईट नव्हती.

सव्वाबाराला तनिषा आली. दारात थांबली.

"हा उपवास आहे?"

"हाच उपवास आहे. बस."

तनिषाने पहिला चमचा घेतला, चघळला, पोत विचित्र वाटला म्हणून थांबली, मग दुसरा घेतला, आणि मग ती थांबली नाही. दोन्ही हातांनी प्लेट धरून खात होती, कुणीतरी काढून घेईल म्हणून. मधुमती उगीचच कढई खरवडत राहिली, कारण त्या पोरीकडे बघत राहणं बरं नव्हतं.

"काकू, मंडेच्या देवाला सांग, हे पण चालतं."

"सांगते."

दारात सावली पडली. कॉनर. नऊ वर्षांचा, लाल केसांचा, समोरच्या, कौन्सिलने गरिबांना दिलेल्या घरांच्या इमारतीतला. मधुमती त्याला ओळखत होती. दुसऱ्याच्या ताटातले चिप्स त्याच्याइतके सफाईने कुणी उचलत नव्हतं. त्याच्या आईने फॉर्म कधीच भरला नाही. ती लहान असताना याच शाळेत फुकट जेवणाऱ्यांची वेगळी रांग होती, आणि ती त्या रांगेत सहा वर्षं उभी होती.

"इथे काय चाललंय?" कॉनरने विचारलं.

"उपवास," तनिषा तोंडभर खिचडीने इंग्रजीत म्हणाली.

कॉनरने प्लेट बघितली. कढई बघितली. मग मधुमतीच्या डोळ्यांत बघून, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "माझाही उपवास आहे."

"कुठल्या देवाचा?"

"तिच्याच."

मधुमतीने प्लेट भरली.

त्याच्यामागे त्याची बहीण आली. मग डबा ‘विसरलेला’ एक मुलगा, जो रोजच विसरायचा. मग एक सोमाली पोरगी, तिला वास आवडला होता. मग अजून एक. कुणालाही मधुमतीने काही विचारलं नाही. सहा पोरं एका टेबलाभोवती चिकटून बसली होती आणि साबुदाण्याचे दाणे चमच्यावर मोजण्याची स्पर्धा लागली होती. कॉनर हरत होता, कारण मोजायच्या आधी गिळत होता.

एक वाजायला पाच मिनिटं असताना मिसेस हॅलिडे आल्या. हातात क्लिपबोर्ड. आकडा वर पाठवून आल्या होत्या. बावीस.

त्यांनी टेबलाभोवतीचे चेहरे एकेक करून बघितले. लाल केस, पिवळे केस, हिजाब. "मॅडी," त्या हळूच म्हणाल्या, "हे सगळे हिंदू आहेत?"

"उपवासाला आलेत म्हणतात. मी त्यांच्या धर्माचा मान राखते."

मिसेस हॅलिडेंच्या ओठांचा कोपरा हलला आणि पुन्हा जागेवर आला. त्या कॉनरकडे बघत राहिल्या. तो प्लेट चाटत होता. पाच वर्षं तो त्यांच्या शाळेत होता, आणि पाच जानेवारींच्या पाच आकड्यांत तो कुठेच नव्हता.

"सोमवारी किती येतील?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? आकडा तुम्ही पाठवलात."

मिसेस हॅलिडेंनी क्लिपबोर्ड छातीशी धरला. मग दारातून बाजूला झाल्या, कारण त्यांच्या मागे अजून दोन पोरं रिकाम्या प्लेट घेऊन उभी होती.